हँडिकॅपवाल्याची बायको

वेल्स नावाच्या त्या छोट्या इंग्लिश गावात डेन्झिल व्हाउल्सइतका सरळ माणूस दुसरा नाही असं सगळे म्हणत, आणि ते ऐकून दरवेळी लॉर्नाच्या डोक्यात तिडीक जायची. सरळ माणसाशी एकदा संसार करून बघा म्हणावं! डेन्झिल वजनमाप खात्यात निरीक्षक होता. आख्ख्या परगण्यातल्या दुकानांचे तराजू आणि पबांतले बिअरचे ग्लास तपासण्यात त्याची हयात गेली. त्यांची पहिली भेटही तशीच झाली होती. लॉर्ना तेव्हा वडिलांच्या चीजच्या ठेल्यावर उभी राहायची. हा आला, तिचा तराजू तपासला आणि तो गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकतोय म्हणून तिला लेखी समज देऊन गेला. नुकसान तिचंच होत होतं, तरीही. त्यानंतरच्या शनिवारी तोच माणूस पाव किलो चेडर घ्यायला आला आणि तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत तास काढला. एवढं होऊनही तिने लग्नाला हो म्हटलं, तेव्हा आता तक्रार करायची सोय राहिली नव्हती.

आता तो निवृत्त झाला होता. तपासायला तराजू उरले नव्हते, म्हणून तो माणसं तोलायचा.

गावात मोट हॅरियर्स नावाचा धावणाऱ्यांचा क्लब आहे. बिशपच्या वाड्याभोवतीच्या खंदकापाशी ही मंडळी जमतात आणि तिथून कधी डल्कोटच्या शेतांतून, कधी टॉर हिलच्या झाडीतून, तर कधी थेट मेंडिपच्या टेकड्यांवर चिखल तुडवत जातात. लॉर्ना पन्नाशीत या नादाला लागली आणि आता एकसष्टाव्या वर्षी तिला घरी बसवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. या क्लबची ऑक्टोबरात एक शर्यत असते, तिला हँडिकॅप म्हणतात. तिची गंमत अशी की जो सगळ्यात हळू धावतो तो सगळ्यात आधी सुटतो आणि जो सगळ्यात वेगवान तो शेवटी. हिशेब अचूक बसला तर सगळ्यांनी एकदमच परत खंदकाशी पोचायला हवं. जो पहिला पोचेल त्याला कथलाचा एक चेमटलेला मग मिळतो, त्यावर नाव कोरलं जातं आणि वर्षभर गावात मान ताठ करून फिरता येतं. कोण कधी सुटणार हे ठरवणारा तो हँडिकॅपवाला. गेली बारा वर्षं तो डेन्झिल होता.

म्हणून ऑगस्ट उजाडला की आख्खा क्लब लंगडायला लागतो. जो भेटेल तो आपला गुडघा, आपली कंबर, आपला न बरा होणारा खोकला डेन्झिलच्या कानावर घालतो. माल्कम ट्रेडगोल्ड हा निवृत्त दंतवैद्य लंडनहून इथे येऊन स्थायिक झालेला. तो तर यंदा चक्क काठी घेऊन बाजारात आला होता. डेन्झिल सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि त्यातलं अर्धं सोडून द्यायचा. बाकीच्यांच्या बाबतीत त्याला अंदाज बांधावा लागे. लॉर्नाच्या बाबतीत त्याची गरज नव्हती, कारण ती त्याच्याच घरात राहत होती.

"माझं नाव कुठे टाकलंयस?" यादी लागायच्या दिवशी सकाळी तिने विचारलं.

"संध्याकाळी लागेल यादी. सगळ्यांबरोबर बघ."

"डेन्झिल, मी तुझी बायको आहे."

"म्हणूनच," तो म्हणाला आणि टोस्टला मुरंबा लावत बसला.

संध्याकाळी तिने यादी पाहिली आणि तरातरा घरी आली. अंगातला कोटही तिने काढला नाही.

"टॅम्सिनबरोबर? अरे, माझ्या लेकीच्या वयाची आहे ती! उड्या मारत शाळेत शिकवायला जाते, उड्या मारत परत येते!"

"मंगळवारी तू टॉर हिल एकदाही न थांबता चढलीस."

"तुला कुणी सांगितलं?"

"घरी आलीस तेव्हा शीळ घालत होतीस. मधे थांबलेली असलीस की माझ्यावर खेकसतेस."

ते खरं होतं. तिने दुसरीकडून धरलं. "बरं, तो चढ धरला तरी मी त्या पोरीच्या दोन मिनिटं आधी सुटायला हवी. ती दोन मिनिटं कशाची कापलीस?"

डेन्झिलने चष्मा काढून पुसला. "लोक काय म्हणतील याची," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमलंच नसतं.

"आणि मी जिंकले तर? मग काय म्हणतील लोक?"

"तू नाही जिंकणार. हिशेबात बसत नाही."

तो हे टोमणा म्हणून बोलला असता तर तिने एखादी बशी आपटली असती आणि विषय संपला असता. पण चीजच्या तुकड्याचं वजन सांगावं तसं त्याने ते सांगितलं. तेच तिला लागलं. अकरा वर्षं ती ही शर्यत धावत होती आणि अकरा वर्षं हा माणूस स्वतःच्या नावाला डाग लागू नये म्हणून तिची मिनिटं कापत होता. बाकी सगळ्यांना तो धावणारे म्हणून बघायचा. तिच्याकडे बघायचा तो मात्र आपल्या इभ्रतीला असलेला धोका म्हणून. तिला यंदा तो मग हवा होता, आणि तो हातात देताना नवऱ्याचा चेहरा बघायचा होता. दुसरं काही नको होतं.

तिने लपूनछपून काही केलं नाही, लंगडलीही नाही. उलट रोज संध्याकाळी चिखलाने भरलेले बूट मुद्दाम त्याच्या खुर्चीसमोर काढले आणि मोठ्याने शीळ घातली.

शर्यतीचा रविवार ढगाळ होता, वारा नव्हता. खंदकाशी निम्मा गाव जमला होता. डेन्झिल टोपी घालून, गळ्यात घड्याळ अडकवून उभा होता. शर्यतीच्या दिवशी त्याचा चेहरा खांबासारखा असतो. हँडिकॅपवाल्याने कुणाच्या बाजूचं असू नये, म्हणून तो कुणाला शाबासकी देत नाही, कुणासाठी टाळी वाजवत नाही. त्याने एकेकाला नाव पुकारून सोडलं. माल्कम काठी बायकोच्या हातात देऊन हरणासारखा सुटला, तेव्हा लोक खो-खो हसले. आणखी आठ जण गेले. मग लॉर्ना आणि टॅम्सिनची पाळी आली.

"डेन्झिलशी लग्न केल्याचा दंड भरतेय बिचारी!" गर्दीतून मासेवाला ओरडला.

"व्याजासकट वसूल करणार आहे!" लॉर्ना ओरडली.

"तयार राहा," डेन्झिल म्हणाला. तो घड्याळाकडे बघत होता. "जा."

वाड्यामागच्या शेतांत टॅम्सिन लगेच पुढे गेली. लॉर्नाने तिला जाऊ दिलं. तिच्या पाठीवरची झुलणारी वेणी नजरेतून सुटू द्यायची नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. डल्कोटपर्यंत वाट सपाट आहे. कापणी झालेलं शेत, मग गुरांचं कुरण, मग दगडी भिंतीलगतची चिंचोळी पाऊलवाट. लॉर्नाचा श्वास तालात लागला. पाय हलके होते. आज जमणार, असं तिला पहिल्यांदा वाटलं, आणि वाटल्याबरोबर ती भिंतीच्या वळणावरून पुढे आली तर समोर रांग.

त्या भिंतीत एक झुलतं फाटक आहे. गुरं जाऊ नयेत म्हणून ते असं बसवलंय की एका वेळी एकच माणूस आत शिरतो, फाटक आपल्यामागे ढकलतो आणि बाहेर पडतो. ब्रिस्टलहून आलेला म्हाताऱ्या हौशी भटक्यांचा एक तांडा नेमका त्याच वेळी पलीकडून अलीकडे येत होता. पाठीवर पिशव्या, हातात काठ्या, गळ्यात नकाशे. आणि आपला माल्कम ते फाटक हाताने धरून हॉटेलच्या दरवानासारखा उभा होता.

"आभारी आहे हं," म्हणत एक आजी बाहेर आल्या.

"छे छे, काही घाई नाही," माल्कम म्हणाला. तो शर्यतीत पहिला होता.

"तुम्ही मंडळी धावताय वाटतं?" मागच्या आजोबांनी थांबून विचारलं. "आज हवा छान मिळाली तुम्हाला."

"हो ना, पाऊस नाही हे नशीब."

माल्कमच्या मागे आठही जण गुपचूप एकामागे एक उभे होते. कुणी पायातले गोळे चोळत होतं, कुणी आकाशाकडे बघत होतं. कुणाच्याही तोंडून अवाक्षर निघत नव्हतं. एका बाईंची पिशवी फाटकात अडकली. ती सोडवायला दोघं धावले. मग त्यांचा कुत्रा यायचा राहिला होता.

"अजून किती आहेत?" लॉर्नाने रांगेच्या शेवटी येऊन विचारलं.

"माहीत नाही," पुढचा पुटपुटला. "संपत आले असतील."

संपत आले नव्हते. भिंतीवरून काठ्यांची टोकं दिसत होती, ती बरीच लांबपर्यंत होती. आणि मागून वेगवान मंडळी निघालेली. ती पोचेपर्यंत हे भटके संपले असते आणि त्यांना वाट मोकळी मिळाली असती.

झुलत्या फाटकाला लागूनच ट्रॅक्टरसाठीचं मोठं लोखंडी फाटक होतं. त्याला साखळी आणि कुलूप होतं आणि पायाशी गुडघाभर खाजकुयली माजली होती. लॉर्नाने त्या फाटकाकडे पाहिलं आणि पुन्हा रांगेकडे पाहिलं. खाजकुयलीचं तिला काही नव्हतं. पण तिने जन्मात कधी रांग मोडली नव्हती. ना बेकरीत, ना बसला. सख्ख्या आईच्या अंत्यविधीला चहासाठी रांग लागली, तर तिथेही ती दूरच्या चुलतभावंडांच्या मागे उभी राहिली होती. इथे माणूस बँक लुटून उजळ माथ्याने परत येऊ शकेल, पण रांग मोडणाऱ्याला पुढच्या पिढीतही कुणी विसरत नाही.

'हिशेबात बसत नाही.' तिला तो पुसलेला चष्मा, तो शांत आवाज आठवला.

"सॉरी," ती म्हणाली आणि रांगेतून बाहेर पडली. "सॉरी. सॉरी हं. माफ करा. सॉरी."

नऊ जणांना नऊ वेळा सॉरी म्हणत ती खाजकुयलीत शिरली. फाटक बिजागरीच्या बाजूने चढायचं, म्हणजे ते वाकत नाही, हे तिला शेतावरच्या बालपणापासून माहीत होतं. तिने खालच्या दांडीवर पाय ठेवला.

"लॉर्ना!" माल्कम किंचाळला. तिने भर रस्त्यात कपडे उतरवले असते तरी त्याचा आवाज इतका चढला नसता. "लॉर्ना, इथे रांग आहे!"

"दिसतेय मला, माल्कम!" ती वरच्या दांडीवरून म्हणाली आणि पलीकडे उडी मारली.

आता बाकीच्यांनीही चढावं की नाही? तर नाही. एकीने रांग मोडली म्हटल्यावर उरलेल्यांनी ती आणखी घट्ट धरली. फक्त टॅम्सिनची चुळबुळ चालली होती. ती रांगेत लॉर्नाच्या आधी आलेली, आणि वयाने बत्तीस. शेवटी तिला राहवेना. तीही फाटकावर चढली.

"मी उद्या वर्गात पोरांना काय सांगू?" ती पळत येऊन लॉर्नाला गाठत म्हणाली.

"सांग, रांग मोडली आणि बाईंचा दुसरा नंबर आला!"

"दुसरा?" टॅम्सिन हसली आणि पुढे निघून गेली.

पुढचा चढ जंगलातून आहे. मुळं वर आलेली, शेवाळ, घोट्यापर्यंत चिखल. लॉर्नाच्या पिंढऱ्या पेटल्या, छाती भात्यासारखी चालली. खाजकुयलीने दोन्ही पाय भाजल्यासारखे चुरचुरत होते आणि खरं सांगायचं तर त्याने तिला चेवच चढला. ती थांबली नाही. चढाच्या शेवटाला वेणी पुन्हा जवळ दिसायला लागली. माथ्यावर झाडी संपली आणि खाली सगळं गाव दिसलं. कॅथीड्रलचे मनोरे, वाड्याची तटबंदी, खंदकाचं करडं पाणी, आणि त्याच्या कडेला ठिपक्यांएवढी माणसं. त्यातला टोपीवाला ठिपका कोणता हे तिला लगेच कळलं.

आता उतार होता. टॅम्सिन जपून उतरत होती, एकेक पाय बघून टाकत होती. पुढे सगळं आयुष्य पडलेलं असलं की माणूस गुडघे सांभाळतो. लॉर्नाने काही सांभाळलं नाही. तिने स्वतःला सोडून दिलं. दोनदा झाड धरून वळली, एकदा सपशेल बुडावर आपटली, तशीच चार हात घसरत गेली, उठली आणि टॅम्सिनच्या पुढे निघाली.

"लॉर्ना, हात मोडेल!" मागून टॅम्सिन ओरडली.

"दुसरा आहे!"

रस्ता ओलांडून ती खंदकाच्या वाटेला लागली. पुढे कुणी नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्यापुढे कुणाचीही पाठ नव्हती, नुसती मोकळी वाट आणि डाव्या हाताला पाणी. तिने पाऊल आणखी लांब टाकलं. आणि तेवढ्यात मागून पावलं ऐकू आली. जड, लांब, एका तालात पडणारी. ही पावलं आख्खा क्लब ओळखत होता. कॅलम प्रॉसर, गावचा पोस्टमन, सगळ्यात शेवटी सुटणारा. तो फाटकाशी पोचला तेव्हा भटके केव्हाच निघून गेले होते. त्याला कुणी अडवलं नव्हतं, तो रोजच्यासारखा वाऱ्यासारखा आला होता.

"उजवीकडून येतोय!" तो ओरडला.

"ये की!" लॉर्नाने मागे न बघता सांगितलं. पुढे बोलायला श्वास नव्हता.

त्याची सावली तिच्या पायांशी आली. लोक ओरडत होते, हंस पंख फडफडवत बाजूला होत होते. तिने समोर पाहिलं. डेन्झिल नेहमीसारखा खांब होऊन उभा होता, घड्याळावर अंगठा, नजर घड्याळात. मग त्याने मान वर केली. तो तिच्याकडे बघत राहिला. आणि मग त्या माणसाच्या आत काहीतरी सुटलं.

"पळ!" तो ओरडला. बारा वर्षांत त्या जागी कुणी त्याला कुणासाठी ओरडताना ऐकलं नव्हतं. "लॉर्ना! पळ गं! पळ, माझी राणी, पळ! मागे बघू नकोस! आलीस, आलीस, आलीस!"

तो दोन्ही हात हवेत नाचवत वाटेवर उड्या मारत होता. टोपी उडून खंदकात पडली, त्याचं त्याला भान नव्हतं. लॉर्नाला हसू आलं, रडू आलं, आणि कुठून कोण जाणे आणखी थोडा जोर आला. तिने छाती पुढे काढली आणि कॅलमच्या वीतभर आधी रेघ ओलांडली.

ती गवतावर आडवी पडली. कॅलमने तिला हात देऊन उठवलं. "काकू, पाणी पाजलंत तुम्ही मला," तो धापा टाकत म्हणाला आणि मनापासून हसला. टॅम्सिनने येऊन तिला मिठी मारली, ती चिखलासकट. मासेवाला शिट्ट्या वाजवत होता.

बऱ्याच वेळाने माल्कम आला. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"माझा आक्षेप आहे," तो डेन्झिलसमोर उभा राहून म्हणाला. "तुमच्या बायकोने रांग मोडली. सगळ्यांच्या देखत."

गुन्हा मोठा होता. सगळे डेन्झिलकडे बघायला लागले. लॉर्नाही. हा माणूस आता आपल्याला बाद करणार, तिला वाटलं. त्याला यातून सुटायचा दुसरा रस्ता नाही.

"ती झुलत्या फाटकातून न येता मोठ्या फाटकावरून आली?" डेन्झिलने विचारलं.

"हो! चढून!"

"दोन्ही फाटकं एकाच भिंतीत आहेत, एकाच वाटेवर. नियम म्हणतो वाट सोडायची नाही. तिने वाट सोडली नाही. रांगेबद्दल नियमात काही नाही."

"आणि सभ्यपणा?"

"तो मोजता येत नाही, माल्कम. मी जन्मभर मोजता येणाऱ्या गोष्टीच मोजल्या."

माल्कमने मग खरा डाव टाकला. "ठीक आहे. मग मोजलेलंच सांगा. तिची आजची वेळ किती, आणि तुम्ही धरलेली किती? बायकोला किती सूट दिली होती ते कळू दे सगळ्यांना."

हेच ते वाक्य, ज्याच्या भीतीने डेन्झिलने इतकी वर्षं बायकोची मिनिटं कापली होती. ते आज चारचौघांत कुणीतरी बोललं. डेन्झिलने गळ्यातलं घड्याळ हातात घेतलं आणि बघितलं. पुन्हा बघितलं. काटा अजून फिरत होता.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी वेळ घेतली नाही."

"तुम्ही वेळ घेतली नाही?" माल्कमचा आ वासला. "मग तुम्ही तिथे उभं राहून करत काय होता?"

"मी लॉर्नाला बघत होतो," डेन्झिल म्हणाला.

मग कॅलमने भीतभीत विचारलं, "आणि माझी वेळ?"

"तुझीही नाही. तू तिच्या मागे होतास."

तेव्हा जो हशा उठला तो थेट बाजारचौकात ऐकू गेला म्हणतात. माल्कमही हसला, निदान त्याचं तोंड तसं हललं, आणि बायकोने काठी पुढे केली ती त्याने विसरून घेतलीच नाही.

डेन्झिलने तो कथलाचा मग आणला. त्यात रिवाजाप्रमाणे बिअर भरलेली होती आणि तिच्याकडे बघता बघता त्याने ती थोडी सांडली. लॉर्नाने मगाकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. डोळे लाल, उरलेले केस उभे, टक्कल उघडं, आणि सगळ्या गावासमोर लपवायचं काही बाकी राहिलेलं नाही अशा माणसाचं ते हसू. याच्यासाठी ती अकरा वर्षं चिखलात धावली होती, आणि ते तिला पुरेपूर मिळालं.

"मग, पुढच्या वर्षी मला कुठे टाकणार?" तिने विचारलं. "वेळ तर तुझ्याकडे नाही."

"पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा कुणी हँडिकॅपवाला शोधावा," तो म्हणाला. "मला माझ्या बायकोची शर्यत बघायचीय."

लॉर्नाने अर्धा मग एका दमात रिकामा केला आणि उरलेला त्याच्यापुढे धरला.